तुमच्या ग्लासातलं पाणी सूर्याहूनही जुनं?

सकाळी उठल्याबरोबर तुम्ही काय करता? मोबाईल बघता, हे आम्हाला ठाऊक आहे! पण त्यानंतर बहुतेक घरांत पहिलं काम एकच, ग्लासभर पाणी पिणं. ते पाणी कुठून आलं, असं कोणी विचारलं तर तुम्ही सांगाल, नळाला आलं. नळाला टाकीतून, टाकीत धरणातून, धरणात पावसातून, पावसात समुद्रातून. इथपर्यंत तर चौथीतलं पोरही सांगेल.

आता पुढचा प्रश्न. समुद्रात कुठून आलं?

इथे मोठमोठे शास्त्रज्ञही थबकतात. पृथ्वी तयार होत होती तेव्हा ती तापलेला गोळा होती. मग एवढं पाणी तिच्याकडे आलं कसं? ते आपल्या सूर्याच्या जन्माच्या वेळी नव्याने तयार झालं, की त्याआधीच्या काळोख्या, गारठलेल्या मेघात तयार होऊन आयतं आपल्या वाट्याला आलं? दुसरं उत्तर खरं असेल तर तुमच्या ग्लासातल्या पाण्याचा काही भाग सूर्यापेक्षाही जुना आहे, म्हणजे ४६० कोटी वर्षांहून अधिक वयाचा.

गंमत अशी की, या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची खूण त्याच ग्लासात असते, अवघ्या थेंबाएवढी. आणि तशीच खूण लाखो अब्ज किलोमीटर दूरच्या मेघांतही आहे. ती वाचायची कशी, हे माणसाने गेल्या पन्नास-साठ वर्षांत रेडिओ दुर्बिणींच्या मदतीने शिकून घेतलं. त्याचीच ही गोष्ट.

एकाच नावाची हलकी-जड भावंडं

पाण्याचा रेणू म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पण सगळे हायड्रोजन सारखे नसतात. नेहमीच्या हायड्रोजनच्या केंद्रात फक्त एक प्रोटॉन असतो. क्वचित एखाद्याच्या केंद्रात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉनही असतो. रासायनिक वागणूक जवळपास तीच, पण वजन मात्र दुप्पट. या जड भावाचं नाव ड्युटेरियम. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये तो शोधला आणि १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड भावंडांना समस्थानिक म्हणतात. कार्बनचंही तसंच. बहुतेक कार्बन १२ वजनाचा, पण पृथ्वीवर दर नव्वदेक अणूंमागे एक १३ वजनाचा निघतो. ऑक्सिजन बहुतेक १६ वजनाचा, पण पाचशेत एक १८ वजनाचा.

समुद्राच्या पाण्यात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियम असतो. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजन दोन असल्यामुळे दर ३,२०० रेणूंमागे एक रेणू असा सापडतो, ज्यात एक हायड्रोजन साधा आणि एक जड आहे. या रेणूला एचडीओ म्हणतात. आपण त्याला निमजड पाणी म्हणू. २०० मिलीलिटरच्या ग्लासातले असे सगळे रेणू वेचून काढले तर जेमतेम एक-सव्वा थेंब भरेल. घाबरू नका, हा थेंब पृथ्वीवरचा प्रत्येक जीव आजवर पीत आला आहे. त्याने काहीही होत नाही.

पण हे ६,४०० मागे एक प्रमाण लक्षात ठेवा. पुढे सगळी गोष्ट याच आकड्याभोवती फिरणार आहे.

काळोखातले मेघ

रात्री शहराबाहेर, स्वच्छ आकाशात आकाशगंगेचा पट्टा पाहिला असेल तर त्यात मध्येमध्ये काळे डाग दिसतात. पूर्वी लोकांना वाटायचं, तिथे तारे नाहीत. खरं तर तिथे वायू आणि धुळीचे प्रचंड मेघ आहेत. ते मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवतात, म्हणून काळे दिसतात.

यांना मेघ म्हणायचं खरं, पण आपल्या पावसाळी ढगांशी त्यांची तुलना करू नका. खोलीतल्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. या मेघांच्या दाट भागात तेवढ्याच जागेत हजारो, फार तर लाखांच्या घरात. आणि थंडी किती? उणे २६३ अंश सेल्सियस! निरपेक्ष शून्याच्या अवघे दहा अंश वर.

तरीही हेच मेघ ताऱ्यांची पाळणाघरं आहेत. आपला सूर्यही अशाच एका मेघात जन्मला. मग प्रश्न असा की, जिथे उजेड नाही, ऊब नाही, तिथे कोणते रेणू आहेत हे कळणार कसं?

उत्तर आहे: ते गिरक्या घेतात, म्हणून.

फिरत्या खुर्चीचा प्रयोग

घरात किंवा ऑफिसात फिरती खुर्ची असेल तर हा प्रयोग मुलांसोबत जरूर करा. मुलाला खुर्चीवर बसवा, दोन्ही हात बाजूला पसरायला सांगा आणि हलकेच एक धक्का द्या. मग त्याच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एकेक लिटरची बाटली द्या आणि पुन्हा तेवढ्याच जोराने फिरवा. बाटल्या हातात असताना खुर्ची हळू फिरते. वजन वाढलं की गिरकी मंदावते.

रेणूंचंही असंच. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू म्हणजे काठीच्या एका टोकाला कार्बन आणि दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन लावल्यासारखा. तो स्वतःभोवती फिरतो. मात्र अणुरेणूंच्या जगात हव्या त्या वेगाने फिरता येत नाही, ठरावीक पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येताना रेणू थोडी ऊर्जा बाहेर टाकतो आणि ती रेडिओ लहर म्हणून निघते. त्या लहरीची वारंवारता रेणूच्या वजनावर आणि आकारावर ठरते, त्यामुळे ती नेमकी तीच असते, कधीच चुकत नाही.

नेहमीच्या कार्बन मोनॉक्साइडची सगळ्यात खालच्या पायरीची वारंवारता ११५.२७ गिगाहर्ट्झ आहे. त्यातला कार्बन १३ वजनाचा असेल तर गिरकी मंदावते आणि वारंवारता ११०.२० होते. ऑक्सिजन १८ वजनाचा असेल तर १०९.७८. तुमच्या हातातला मोबाईल साधारण एक ते साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतो, यावरून अंदाज घ्या.

गाणं शिकणाऱ्यांना दुसरं उदाहरण पटकन पटेल. तानपुऱ्याच्या चारही तारांची लांबी जवळपास सारखीच, पण खर्जाची तार जाड आणि जड, म्हणून तिचा स्वर खाली. कान तयार असलेला माणूस डोळे मिटूनही सांगतो, आता कोणती तार छेडली. रेडिओ वर्णपटशास्त्र म्हणजे असाच तयार कान. रेणू दिसत नाही, पण त्याचा स्वर ऐकू येतो, आणि तो स्वर हलक्याचा की जड भावाचा हेही कळतं.

चाणाक्ष वाचक इथे एक शंका काढतील. रेल्वेची शिटी गाडी दूर जाताना खाली उतरल्यासारखी वाटते ना? मग मेघच आपल्यापासून दूर जात असेल तर त्याचा स्वरही उतरेल. मग जड भाऊ कोण आणि पळणारा हलका कोण, हे ओळखायचं कसं?

हिशोब सोपा आहे. ११५.२७ चा स्वर ११०.२० पर्यंत उतरायचा तर मेघाला सेकंदाला तेरा हजार किलोमीटर वेगाने पळावं लागेल. आपल्या आकाशगंगेतले मेघ एवढे धावत नाहीत. त्यांचा वेग दहा-वीस, फार तर काहीशे किलोमीटर असतो. शिवाय प्रत्येक रेणूच्या एकापेक्षा जास्त पायऱ्या असतात आणि प्रत्येकीची वारंवारता पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत काटेकोर मोजलेली असते. सगळ्या ओळी जिथल्या तिथे जुळल्या तरच ओळख पक्की मानतात. एका बोटाच्या ठशावर नाही, दहाही बोटांच्या ठशांवर!

कान तयार झाला तो काळ

अवकाशातून येणारी पहिली वर्णपटरेषा रेडिओवर सापडली ती १९५१ मध्ये. हार्वर्ड विद्यापीठातल्या हॅरॉल्ड युवेन आणि एडवर्ड पर्सेल यांनी हायड्रोजन अणूची २१ सेंटीमीटरची लहर पकडली. पण ती एकट्या अणूची. अवकाशात मोठे रेणू टिकतील यावर तेव्हा फारसा कोणाचा विश्वास नव्हता. ताऱ्यांच्या अतिनील किरणांत रेणू फुटून जातील, असं वाटायचं.

१९६३ मध्ये हायड्रॉक्सिल सापडला. १९६८ मध्ये चार्ल्स टाउन्स यांच्या गटाला अमोनिया मिळाला आणि पुढच्याच वर्षी पाणी. धुळीच्या जाड पडद्याआड रेणू सुखरूप राहतात, हे स्पष्ट झालं.

मग आलं १९७० साल. बेल प्रयोगशाळेतले रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियस यांनी एक नवा संवेदनशील ग्राहक घेऊन अमेरिकेतल्या किट पीक इथल्या ११ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर तो बसवला. दुर्बीण मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे वळवली आणि कार्बन मोनॉक्साइडची ओळ ठळकपणे समोर आली. पेन्झियस आणि विल्सन म्हणजे विश्वाच्या जन्माचा मंद रेडिओ ध्वनी टिपणारी तीच जोडी. त्यासाठी त्यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

त्यांनी तिथेच थांबायचं नाही असं ठरवलं. ११५ वर एवढा खणखणीत स्वर येत असेल तर ११० आणि १०९.८ वर जड भावंडंही गात असतील. १९७१ मध्ये तीही सापडली.

झेंडे मोजून गर्दी मोजा

तुम्ही म्हणाल, जड भावंडं सापडली, छान! पण त्यांचा उपयोग काय?

एक मोठी मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात. समोर लोकांची भिंत. तुम्हाला पहिली रांगच दिसते, मागे शंभर माणसं आहेत की दहा हजार, काही कळत नाही. पण समजा, दर सत्तर माणसांमागे एकाच्या हातात उंच झेंडा आहे. झेंडे गर्दीच्या डोक्यावरून शेवटच्या टोकापर्यंत दिसतात. झेंडे मोजा, सत्तरने गुणा, झाली मिरवणूक मोजून.

मेघात नेमकं हेच होतं. साधा कार्बन मोनॉक्साइड इतका असतो की पुढचे रेणू मागच्यांचा रेडिओ प्रकाश गिळून टाकतात. आपल्याला मेघाचं फक्त बाहेरचं कवच दिसतं. १३ वजनाचा कार्बन असलेले रेणू विरळ, त्यांची ओळ मेघाच्या बऱ्याच आतून येते. १८ वजनाचा ऑक्सिजन असलेले आणखी विरळ, त्यांची तर थेट गाभ्यातून. मेघाचं वजन किती, त्यातून किती सूर्य घडू शकतील, हे या विरळ भावंडांमुळेच मोजता येतं.

हे प्रमाण दुसरीही गोष्ट सांगतं. आपल्या आसपासच्या मेघांत साधारण सत्तर कार्बनमागे एक जड आहे. आकाशगंगेच्या केंद्राजवळ वीस-पंचवीसमागेच एक. का? कारण जड कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो आणि तारे म्हातारे झाले की तो बाहेर पडतो. केंद्राजवळ ताऱ्यांच्या अधिक पिढ्या होऊन गेल्या, म्हणून तिथे त्याचा साठा जास्त. आपल्या सूर्यमालेत मात्र नव्वदेकांत एक, कारण ती जुनी नोंद आहे. ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य जन्मला त्या वेळचा मेघ कसा होता, ते आपल्या कार्बनमध्ये गोठून राहिलं आहे. जणू घराण्याची वंशावळच!

थंडी करते जडपाण्याचा कारखाना

आता पुन्हा ड्युटेरियमकडे वळू. कार्बन आणि ऑक्सिजन ताऱ्यांत बनतात, ड्युटेरियम नाही. उलट तारे त्याला जाळून टाकतात. विश्वातलं जवळपास सगळं ड्युटेरियम विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तयार झालं, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी. आपल्या आसपासच्या अवकाशात त्याचं प्रमाण आहे सुमारे ६५,००० हायड्रोजनमागे एक.

थांबा. समुद्रात किती होतं? ६,४०० मागे एक. म्हणजे आपल्या पाण्यात ड्युटेरियम दहापट जास्त! ते कुठून आलं?

पहिला दुवा १९७३ मध्ये मिळाला. त्याच बेल प्रयोगशाळेच्या त्रिकुटाला मृग तेजोमेघात हायड्रोजन सायनाइडचा ड्युटेरियमवाला भाऊ सापडला. त्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कित्येक पटींनी जास्त होतं. दोन वर्षांनी तिथेच निमजड पाणीही सापडलं. मेघात काहीतरी असं घडत होतं, जे ड्युटेरियम गोळा करत होतं.

ते काहीतरी म्हणजे थंडी. मेघात तीन हायड्रोजन मिळून एक विद्युतभारित रेणू बनतो. त्याला ड्युटेरियमवाला हायड्रोजन भेटला की दोघांत अदलाबदल होते, ड्युटेरियम त्या तिघांच्या टोळीत येतो आणि साधा हायड्रोजन बाहेर पडतो. या अदलाबदलीत थोडी ऊर्जा सुटते, म्हणजे हे जिना उतरण्यासारखं. परत जायचं तर जिना चढावा लागेल. उबदार जागी रेणूंकडे चढण्याइतकी शक्ती असते, म्हणून ते वरखाली करत राहतात. पण उणे २६३ अंशांत कोणाकडे ती शक्ती असणार? एकदा उतरला तो उतरलाच. मग ही टोळी आपल्याकडचा ड्युटेरियम इतर रेणूंना वाटत सुटते, आणि धुळीच्या कणांवर जो बर्फ साचतो त्यात तो साठत जातो.

याचा कडेलोट २००२ मध्ये दिसला. अमोनियात तीन हायड्रोजन असतात. तिन्हींच्या जागी ड्युटेरियम असलेला अमोनिया दोन वेगवेगळ्या गटांना ययाती तारकासमूहातल्या मेघांत सापडला. नुसत्या योगायोगाने तीन ड्युटेरियम एकत्र येण्याची शक्यता काढली तर जेवढा अमोनिया असायला हवा, त्याच्या सुमारे एक लाख कोटी पट तो तिथे होता!

माणसाला हेच काम करायला कारखाना उभारावा लागतो. अलिबागजवळ थळला असा जडपाणी प्रकल्प आहे. तिथे हायड्रोजन वायू आणि अमोनिया यांच्यात ड्युटेरियमची देवाणघेवाण घडवून ते वेगळं काढतात. तिथेही थंड मनोऱ्यात ड्युटेरियम अमोनियाकडे ओढलं जातं. तत्त्व तेच, फक्त मेघाकडे घाई नसते, त्याच्याजवळ लाखो वर्षं असतात.

धूमकेतूंची साक्ष

आता खटला उभा राहतो. सूर्य जन्मताना त्याच्याभोवती वायूची तबकडी होती, तिच्यातून ग्रह झाले. तबकडीच्या उष्णतेत मेघातलं जुनं पाणी पूर्ण फुटून नव्याने जुळलं असतं तर ड्युटेरियमचं जादा प्रमाण पुसलं गेलं असतं. पाणी जुन्या बर्फाच्या रूपातच आलं असेल तर ते प्रमाण टिकलं असणार. म्हणजे ड्युटेरियम हा पाण्याचा जन्मदाखला आहे.

साक्षीला आले धूमकेतू, कारण ते सूर्यमालेच्या जन्मापासून गोठून पडलेले. १९८६ मध्ये हॅले धूमकेतू आला तेव्हा जोतो यानाने त्याच्या वायूतून प्रवास केला. त्याच्या पाण्यात ड्युटेरियम समुद्राच्या सुमारे दुप्पट निघालं. १९९७ मध्ये हेल-बॉप संध्याकाळच्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांनी पाहिला असेल. हवाई बेटांवरच्या रेडिओ दुर्बिणीने त्याचं निमजड पाणी मोजलं, तेही सुमारे दुप्पट.

मग समुद्राचं पाणी धूमकेतूंनी आणलं नाही? २०११ मध्ये हर्शेल अवकाश दुर्बिणीने हार्टली-२ धूमकेतू तपासला आणि त्याचं प्रमाण जवळपास आपल्या समुद्राइतकंच भरलं. २०१४ मध्ये रोझेटा यानाने ६७पी धूमकेतूवर मोजलं, ते तिपटीहून जास्त! साक्षीदार एकमेकांशी जुळेनात. एवढं मात्र नक्की झालं की सगळ्यांच्या पाण्यात ड्युटेरियम जादा आहे, म्हणजे थंडीचा शिक्का सगळ्यांवर आहे. पण तो शिक्का मेघात बसला की तबकडीत? मधला दुवा हवा होता.

हरवलेला दुवा मृगात

मधला दुवा म्हणजे दुसऱ्या एखाद्या तरुण ताऱ्याची तबकडी, जिथे आत्ता ग्रह घडत आहेत. पण अशा तबकडीत पाणी बर्फ होऊन बसलेलं असतं, आणि गोठलेला रेणू गिरक्या घेत नाही. गिरकी नाही तर स्वर नाही. दुसरी अडचण आपल्याच घरची: पृथ्वीच्या हवेत वाफ भरलेली, त्यामुळे साध्या पाण्याचा दुरून येणारा मंद स्वर जमिनीवरून ऐकणं फार कठीण.

दोन्ही अडचणींवर एक तारा धावून आला. त्याचं नाव व्ही८८३ ओरायनिस, अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं, पत्ता मृग नक्षत्र. हा तारा अजून लहान आहे आणि सध्या भडकलेला आहे. त्याच्या भडकण्याने तबकडी तापली, दूरवरचा बर्फ वितळून वाफ झाला आणि रेणू फिरू लागले.

हवेतल्या वाफेवर उपाय केला तो विरळ भावंडांनी. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० मीटर उंचीवर, जगातल्या अतिकोरड्या हवेत अल्मा नावाची ६६ अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिने साध्या पाण्याऐवजी दोन विरळ प्रकार शोधले. एक निमजड पाणी, दुसरं १८ वजनाचा ऑक्सिजन असलेलं पाणी. दुसऱ्यावरून एकूण पाणी किती ते कळतं, अगदी झेंडे मोजून मिरवणूक मोजतात तसंच. पहिल्यावरून ड्युटेरियम कळतं.

जॉन टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये निकाल जाहीर केला. तबकडीत वाफेच्या रूपात पृथ्वीवरच्या सर्व महासागरांच्या किमान १,२०० पट पाणी होतं. त्यातलं ड्युटेरियम समुद्राच्या पाण्याच्या सुमारे सात पट. महत्त्वाचं म्हणजे हे प्रमाण नुकत्याच जन्मणाऱ्या ताऱ्यांभोवतीच्या मेघांतल्या पाण्याशी जुळलं आणि धूमकेतूंच्या रांगेत बसलं. म्हणजे पाणी मेघातून तबकडीत, तबकडीतून धूमकेतूंत, फारसं न बदलता सरकलं होतं.

२०२५ मध्ये त्याच ताऱ्याभोवती अल्माला पूर्ण जड पाणी मिळालं, ज्यात दोन्ही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे. पाणी एकदा फुटून पुन्हा जुळलं असतं तर हा दुर्मीळ रेणू एवढ्या प्रमाणात उरलाच नसता. तो उरला, म्हणजे ते पाणी ताऱ्याच्या आधीचं.

मग आपल्या समुद्रात सात पट का नाही? कारण आपलं पाणी मिश्र आहे. काही जुना बर्फ, काही सूर्याच्या उबेत नव्याने जुळलेलं. किती जुनं आणि किती नवं? २०१४ मध्ये इल्से क्लीव्ह्स आणि सहकाऱ्यांनी संगणकावर तबकडी उभी करून पाहिलं, तेव्हा एकट्या तबकडीला एवढं ड्युटेरियम जमवता येईना. त्यांच्या हिशोबाने समुद्राच्या पाण्यातला मोठा हिस्सा, अगदी निम्म्यापर्यंत, सूर्यापेक्षा जुना असू शकतो.

ऊटीचा डोंगर आणि एक योगायोग

ड्युटेरियम रेणूत नसून सुटा अणू असतो तेव्हाही एक मंद रेडिओ लहर सोडतो, ३२७ मेगाहर्ट्झवर. आणि आपल्या देशात नेमक्या याच वारंवारतेच्या आसपास ऐकणारी एक दुर्बीण आहे. तमिळनाडूत ऊटीजवळ, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९७० मध्ये ती उभी राहिली. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. तिच्यासाठी मुद्दाम असा डोंगरउतार निवडला ज्याचा कल त्या जागेच्या अक्षांशाइतकाच, सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे दुर्बीण एकाच अक्षाभोवती फिरवून तारा तासन् तास धरून ठेवता येतो. केवढी साधी आणि केवढी हुशार कल्पना!

सत्तरच्या दशकात या दुर्बिणीने आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने सुट्या ड्युटेरियमची ओळ शोधण्याचा प्रयत्न झाला. ओळ सापडली नाही, पण ड्युटेरियम जास्तीत जास्त किती असू शकतं, याची मर्यादा हाती आली. न सापडणंही विज्ञानात एक उत्तर असतं. पुढे अमेरिकेतल्या हेस्टॅक वेधशाळेला २००५ च्या सुमारास ही ओळ मिळाली. तिथे मोठी डोकेदुखी होती ती आसपासच्या घरांतल्या उपकरणांच्या रेडिओ गोंगाटाची.

हा गोंगाट आपल्याकडेही आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही जगप्रसिद्ध दुर्बीण आहे. तिथे गेलात तर मोबाईल बंद ठेवायला सांगतात, ते उगाच नाही. अवकाशातून येणारा स्वर इतका क्षीण असतो की चंद्रावर एखादा मोबाईल चालू ठेवला तर तो रेडिओ दुर्बिणीला ठळक ताऱ्यासारखा दिसेल. मग खिशातल्या मोबाईलचं काय सांगावं!

आजच्या रात्री एवढं करा

हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्चदरम्यान, संध्याकाळनंतर मुलांना गच्चीवर न्या. मृग नक्षत्र शोधणं सोपं आहे. चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले ओळीतले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण, आणि त्या बाणाच्या रेषेत खाली चमकणारा व्याध. बाणाच्या थोडं खाली एक धूसर ठिपका दिसेल, साध्या दुर्बिणीतून तर नक्कीच. तो मृगातला तेजोमेघ. कार्बन मोनॉक्साइड, त्याची जड भावंडं, पहिलं निमजड पाणी सगळं तिथेच सापडलं. व्ही८८३ ओरायनिस त्याच परिसरातल्या मेघात आहे, डोळ्यांना मात्र दिसणार नाही.

आपल्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य मृग नक्षत्रात येतो आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. मृगाचा पाऊस आला की पेरणी. मृग आणि पाणी हे नातं आपल्या पूर्वजांनी ऋतूंवरून जोडलं. आजच्या शास्त्रज्ञांना त्याच नक्षत्रात आपल्या पाण्याच्या उगमाचा धागा मिळाला, हा योगायोगच. पण पहिल्या सरी पडतील तेव्हा तो आठवायला हरकत नाही.

आणि उद्या सकाळी ग्लास तोंडाला लावाल, तेव्हा मुलांना नक्की सांगा: यातला एखादा घोट सूर्य उगवण्याच्या आधीचा असू शकतो. सकाळच्या उगवण्याआधीचा नव्हे, पहिल्यांदा उगवण्याच्या आधीचा. एवढं जुनं पाणी आहे ते. उरलेलं बेसिनमध्ये ओतून टाकू नका, कुंडीतल्या तुळशीला घाला.